कडता

एपीएमसीच्या मसाला मार्केटात मी तोलणार.
तेहतीस वर्षं पन्नास-पन्नासाच्या गोण्या
काट्यावर चढल्या, उतरल्या,
मी आकडा पुकारला, बारदानाचा कडता वजा केला,
घरी आलो.
आणि या वयात घरात आली
दोन किलो आठशे.

शेठच्या नातवाला शिंका यायच्या.
"दामोदर, घेऊन जा. कागदाची आहे, महागाची."
कागदावर नाव प्रिन्सेस, जात यॉर्कशायर टेरिअर.
नलूनं कागद गव्हाच्या डब्याखाली सरकवला,
तिचा रंग उजेडात बघितला, म्हणाली, जायफळ.
मग जायफळच.

कोपरखैरण्यात आमची एक खोली आणि पोटमाळा.
वसाहतीत कुत्री आहेत, शिळ्या भाकरीवर वाढलेली.
ही रोज मांडीवर बसून केस विंचरून घेते.
एक दिवस चुकला तर जटा.
नलू डोळ्यांवरची झुलपं वर घेते,
लाल रबर लावून शेंडी बांधते,
"मान हलवू नकोस गं."
आम्हाला मुलगी नाही.
हे ती कुणाला म्हणते, मी विचारत नाही.

दातांना ब्रश. (माझे मी दिवसातून दोनदा कधी घासले नाहीत.)
गळ्यात पट्टा नको, श्वासनळी नाजूक, छातीला बांधा.
पलंगावरून उडी नको, गुडघ्याची वाटी सरकते.
म्हणून पलंगाचे पाय कापले.
आता आम्ही तिघं जमिनीपासून वीतभर उंच झोपतो.

पण उंदीर दिसू दे फक्त.
तिकडे कापडगिरण्यांत म्हणे याच कामाला ठेवायचे यांना.
आपल्याकडे गिरण्या गेल्या, गटारं राहिली.
एकदा झाकणापाशी घूस निघाली, हिच्याहून जाड.
सगळी गल्ली ओरडली.
घूस पळाली, मागे शेंडी.
तेव्हापासून मोकाशींचा काळू
हिला वाट देतो.

मिरचीच्या दिवसांत मला दारातच आंघोळ.
ती मोरीबाहेर बसून राहते, शिंकते, पुन्हा बसते.

मार्चात सांगलीच्या बेदाण्याच्या गाड्या लागल्या.
पलीकडच्या गाळ्यात माणूस कमी, म्हणून मी गेलो.
पँटच्या दुमडीत काय आलं, कुणाला कळणार.
नलू म्हणाली, अहो, ही काहीतरी चघळतेय.

वाशीच्या डॉक्टरीणबाई फोनवर:
"बेदाणा? वजन किती तिचं?"
ते पाठ होतं.
"आणि खाल्ला किती? किती ग्रॅम?"

मी, परवानाधारक तोलणार,
फोन कानाला लावून उभा.
टनावारी माल हातून गेला.
एक दाणा तोलला नाही कधी.

रिक्षाभर नलू एक शब्द बोलली नाही.
बाईंनी ओकवलं. स्टीलच्या ट्रेमध्ये चार निघाले.
पाचवा होता की नव्हता
हे दोन रात्री, सलाईनच्या थेंबाथेंबाला.
सुईसाठी पुढच्या पायाचे केस भादरले होते,
आत पाय म्हणजे काडी, दालचिनीची.
एवढ्याशा काडीवर
ती घुशीच्या अंगावर गेली होती.

घरी आली तेव्हा दोन सहाशे.
दोनशेची तूट. बाजारात एवढी
आम्ही चहा पिता पिता सोडून देतो.

आता मी गल्लीतच उभा राहून दुमडी उलट्या करतो, झटकतो.
पोरं हसतात. हसू देत.

रविवारी पोटमाळ्याच्या हुकाला ताणकाटा लावतो,
कापडी पिशवीत तिला बसवतो.
पिशवीचा कडता ऐंशी ग्रॅम.
बाजारात काटा ठरल्याशिवाय मी पुकारत नाही.
हिचे पाय हवेत पोहतात,
काटा सातशेवर, आठशेवर, परत साडेसातशे.
नलू कॅलेंडरपाशी पेन्सिल घेऊन,
"सांगा की हो."

थांब, म्हणतो मी.
नलूला म्हणतो, फक्त नलूला.